आठ गटांबाहेरचं रक्त

तात्यापारा, रायपूर
रविवार

प्रिय दादा,

पाकीट माझ्या कंपनीचं आहे, पत्ता तुझ्या ऑफिसचा, आणि नाव तू लावतोस तेच टाकलं आहे. कुणाच्या हाती पडलं तरी कामाचा कागद वाटेल. मेसेज करणं सोपं होतं, पण मेसेज फोनच्या पडद्यावर आपोआप वर येतो आणि फोन घरात कुठेही पडलेला असतो. मंजिरी वहिनींनी हे वाचू नये एवढी काळजी मी घेतली आहे. त्यांना न भेटताच वहिनी म्हणते आहे, ते खटकलं तर सोडून दे. हाताने मराठी लिहायची सवय गेली आहे. ऑफिसात सगळं हिंदी, नाहीतर इंग्रजी. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, पण शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर घडी घालून ठेवू नकोस.

आधी घरचं. बाबा बरे आहेत. वॅगन शॉपमधून निवृत्त झाले तरी सकाळी डबा भरायच्या वेळेला जागे होतात आणि मग काय करायचं ते सुचत नाही म्हणून बुढा तालाबाला एक फेरी मारून येतात. आईचे गुडघे तसेच. ती आता मोबाईलवर बुद्धवंदना लावते आणि मध्येच थांबली की मोबाईलला रागावते. मी त्याच कंपनीत आहे. काम म्हणशील तर लोक माहिती भरतात ते फॉर्म मी बनवते, म्हणजे त्या फॉर्ममध्ये काय येऊ द्यायचं नाही ते ठरवते. मोबाईल नंबरच्या रकान्यात दहाच आकडे, पहिला सहाच्या खाली नाही. पिनकोडला सहा आकडे, सुरुवातीला शून्य नाही. याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. अक्षरं कशी आणि कुठल्या क्रमाने आली पाहिजेत याचा एका ओळीचा नियम लिहायचा आणि तो रकान्याला जोडायचा. भरलेलं नियमात बसलं तर पुढे जाता येतं, नाही बसलं तर रकाना लाल होतो आणि पुढचं बटण दबतच नाही. हे सगळं मी आईला एकदा नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे चौकीदारच ना, पण बसून.

बाबांनी भंगारातून आणलेला तो गेज तुला आठवतो का? हाताएवढी लोखंडी पट्टी होती, दोन टोकांना दोन खाचा. एका खाचेतून नग गेलाच पाहिजे, दुसरीतून गेला नाही पाहिजे, मगच तो पास. आपण एक उन्हाळा घरातली प्रत्येक वस्तू पास-नापास करण्यात घालवला. चमचे, पेन्सिली, आईच्या बांगड्या, शेजारच्यांचे पेरू. तू माझं नाक मोजलंस आणि रिजेक्ट केलंस, आणि मी खरोखर रडले, कारण नियम आधी ठरला होता आणि मी तो मान्य केला होता. आपली दीपाताई बाहेर येऊन म्हणाली की हे पोट्टे लोखंड चाटून मरतील, आणि गेज माळ्यावर टाकून मोकळी झाली. मला मात्र ती गोष्ट आवडायची. बसतं किंवा बसत नाही. हुज्जत नाही, कुणाचा चेहरा बघून निकाल नाही. माझ्या कामात मला जे आवडतं तेही एवढंच आहे, निदान आतापर्यंत होतं.

आता ताईचं. तिला पुन्हा दिवस गेले आहेत, सातवा सरून आठवा लागला आहे. श्रावणी सहा वर्षांची झाली. तू तिला पाहिलंस तेव्हा ती कपड्यात गुंडाळलेली होती. ताई भनपुरीलाच आहे, प्रशिक जीजाजी प्लांटमध्ये शिफ्ट करतात. श्रावणीच्या वेळी सिझेरियन झालं होतं, तेव्हा रक्त चढवावं लागलं नव्हतं. या वेळी वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावरच, आणि बहुतेक जुन्या टाक्यांच्या जागी चिकटलेली आहे. डॉक्टरीण बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ऑपरेशनच्या वेळी रक्त जाणार, कदाचित खूप जाणार, म्हणून आधीच बाटल्या जुळवून ठेवा असं त्या म्हणाल्या. ताईच्या जुन्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं आहे. रायपुरात ओ पॉझिटिव्हची काय कमतरता. जीजाजींच्या शिफ्टमधलेच दहा जण उभे राहिले.

त्यांच्यातल्या एकाचंही रक्त जुळलं नाही. काचेवर ताईच्या रक्ताशी मिसळलं की गुठळ्या. रक्तपेढीने दुसऱ्या बाटल्या काढल्या, त्याही ओ पॉझिटिव्ह, पुन्हा गुठळ्या. तेव्हा बुढापाऱ्याच्या त्या रक्तपेढीत मंदाकिनी मॅडम म्हणून प्रमुख आहेत, त्यांनी उलट बाजूची तपासणी केली आणि मला आत बोलावलं. माझी त्यांच्याशी कामाची ओळख होती, कारण त्यांच्या रक्तदात्यांच्या नोंदणीचा सगळा प्रोग्राम आमच्या कंपनीने केला आहे आणि त्यातले रकाने माझे आहेत. त्यांनी मला साध्या भाषेत सांगितलं. आपल्या लाल पेशींवर एक पायाचा थर असतो, ए आणि बी त्याच्यावर उभे राहतात. ओ गटात वर काही नसतं, नुसता पाया असतो. ताईला तो पायाच नाही. नेहमीच्या तपासणीत असं रक्त ओ दिसतं, पण ओ रक्त चढवलं तर शरीर तो पाया परका समजून सगळं फोडून टाकतं. अशी माणसं पहिल्यांदा मुंबईत सापडली म्हणून या गटाला बॉम्बे म्हणतात. हजारांत शोधली तर एखादं मिळेल, न मिळेल. ताईला चालेल ते रक्त फक्त अशाच माणसाचं.

मी त्यांना म्हटलं, मग आपल्या प्रोग्राममध्ये शोधू, चाळीस हजारांवर दाते आहेत. मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी तिथेच त्यांच्या खुर्चीत बसून शोध टाकला आणि उत्तर शून्य आलं. ते शून्यच येणार होतं आणि का येणार हे मला बटण दाबायच्या आधी कळायला हवं होतं. रक्तगटाच्या रकान्याचा नियम असा आहे: आधी ए, बी, एबी किंवा ओ, त्यानंतर अधिक किंवा उणे, आणि त्याच्या मागेपुढे काही नाही. आठ किंमती, म्हणजे चालणारी आठ उत्तरं. नववी कुठलीही लिही, रकाना लाल. मागणी लेखी तशीच होती, तिच्यावर रक्तपेढीची सही होती, आणि मी तो अचूक केला होता. त्या आधीच्या प्रोग्राममध्ये लोक ‘ओ पोझिटीव’, ‘ओ धन’, ‘माहीत नाही’, काहीही लिहायचे आणि चुकीची बाटली हाताला लागायची भीती असायची. तो गोंधळ माझ्या ओळीने थांबवला, हे मी आजही म्हणेन. पण गेल्या तीन वर्षांत या शहरात जो कुणी बॉम्बे गटाचा माणूस बाही वर करून त्या पलंगावर आडवा झाला असेल, तो आज ओ म्हणून नोंदलेला आहे. हजारो ओंच्या मध्ये तो बसलेला आहे आणि माझ्याकडे त्याला विचारायला शब्द नाही. दादा, मला सहसा झोप येते. त्या दिवसापासून पडल्या पडल्या डोळ्यांसमोर ती यादी सरकते.

मॅडमनीच मार्ग सांगितला. म्हणाल्या, तुझा रकाना घेत नसला तरी पोट्टी कामाची आहेत, जिथे घेतलं जाईल तिथे लिहून ठेवतात. नोंदणीवर बसणाऱ्यांची ही पद्धत मला माहीत नव्हती. पत्त्याखाली ‘जवळची खूण’ म्हणून एक रकाना आहे. मंदिर, टाकी, पानठेला, कुणी काय लिहील याचा नेम नाही म्हणून त्याला मी नियमच लावला नव्हता. मुलं अडली की सगळं त्यात भरतात. ‘सुईला घाबरतो.’ ‘फोन भावाचा आहे.’ ‘हा माणूस बिस्किटं दोनदा घेतो.’ मी त्या रकान्यात बॉम्बे हा शब्द शोधला. आधी बॉम्बे टेलर्सच्या वर राहणारे, बॉम्बे टेलर्सच्या मागे राहणारे, समोर राहणारे असे बरेच आले. त्यांच्यातून खाली उतरत गेले तेव्हा एका ठिकाणी दिसलं: ‘ओ नहीं है, बॉम्बे है, दोबारा बुलाना.’ नाव विकी, भनपुरी, ट्रक चालवतो. ताईच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, बस, आधी फोन लाव.

विकी दुसऱ्या दिवशी ताईच्या दारात आला. चाळिशीचा असेल, बारीक अंगाचा, कानाला मफलर. घरची भाषा मराठीच, आई वर्ध्याची, पण बोलतो हिंदीतून. आत यायला तयार नव्हता, श्रावणीने हाताला धरून आणलं. खाली मान घालून म्हणाला, “दीदी, पंद्रह दिन पहले टाटानगर में देके आया. बच्चा था छोटा. अब तीन महीने टंकी खाली.” त्याला कुठून कुठून फोन येतात ते त्याने सांगितलं, कुठल्या गावांना गाडी नेताना तो रक्त देऊन आला आहे तेही, आणि त्याच्या मालकाला वाटतं की हा बायका ठेवतो म्हणून याला सारखे फोन. आई हसली. ताईही हसली आणि मग पोट धरून बसली. निघताना तो म्हणाला की डॉक्टर मानले तर तो लवकरही देईल. मंदाकिनी मॅडमनी ऐकूनच नाही म्हटलं. अशा माणसाला एकदा आजारी पाडलं तर पुढच्या चार जणांचं काय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. त्या वेळी मला ते बरोबर असलेलं अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या शहरांतल्या याद्यांमध्ये मॅडमनी निरोप टाकले आहेत. नागपूरचा एक जण हो म्हणाला, मग त्याला कावीळ निघाली. मुंबईहून सांगितलं की तारीख पक्की झाली की बघू, एखादी बाटली मिळेल. ताईच्या स्वतःच्या रक्ताची बाटली आधी काढून ठेवता येते म्हणतात, पण तिचं हिमोग्लोबिन इतकं कमी आहे की डॉक्टरीण बाई त्याचं नाव काढू देत नाहीत. त्यांना निदान दोन बाटल्या हाताशी हव्या आहेत. आणि तारखेवर भरवसा नाही. मागच्या मंगळवारी ताईच्या अंगावरून थोडं रक्त गेलं. जीजाजी शिफ्टवर होते, आई आणि मी तिला घेऊन गेलो. भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली, आमचा ऑटो तिच्यात अडकलेला. ऑटोवाला भैया खाली उतरून एकेका ड्रायव्हरला हात जोडत होता आणि ताई माझा दुपट्टा मुठीत धरून मला विचारत होती की श्रावणीला शाळेच्या व्हॅनमधून कोण उतरवून घेईल. रक्त आपोआप थांबलं. दोन दिवस ठेवून घरी पाठवलं, पडून राहायला सांगितलं. पुन्हा जाईल तेव्हा थांबेलच असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या नाहीत. मी त्यांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारून पाहिलं.

मी माझं काम केलं आहे. रकान्याच्या नियमात नववी किंमत घातली, ती जुन्या नोंदींवर चालवून पाहिली. आता जो ओ दाता येतो त्याची मॅडम ती वेगळी तपासणीही करतात. अजून कुणी निघालेलं नाही. मला ठाऊक आहे की या गतीने निघायचं असेल तर वर्षं लागतील. तरी मी दर तासाला यादी उघडून बघते, ऑफिसात कुणी मागून आलं की पडदा बदलते. आमचा साहेब भार्गव एकदा म्हणाला, मॅडम, आप स्क्रीन को ऐसे देखती हो जैसे गैस पर दूध चढ़ाया हो. त्याला घरचं काही माहीत नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही.

ताईची तपासणी झाली त्याच आठवड्यात मॅडमनी घरच्यांना बोलावलं. असं रक्त आईबापांकडून येतं. दोघांकडे अर्धं अर्धं दडलेलं असतं, त्यांना स्वतःला काही होत नाही, पण दोन्ही अर्धे एकाच मुलात आले की ते मूल असं निघतं. चारात एकाला ही शक्यता. आई, बाबा आणि मी, तिघंही गेलो. तिघंही बी पॉझिटिव्ह, अगदी सर्वसाधारण. मॅडम कागद भरत होत्या. त्यांनी खाली बघतच विचारलं की भावंडं किती. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “दोनच पोरी आहेत मले.” बाबा भिंतीवरचा रक्तदानाचा तक्ता वाचत होते, ते तो वाचत राहिले. मॅडमनी दोनचा आकडा घातला. तो रकानाही माझाच, एक अंकी संख्या घेतो, त्याने दोन घेतले.

परत येताना आईला विचारलं. ती रिक्षात बाहेर बघत होती. म्हणाली, “तो म्हणते कोणी नाही, तर कोणी नाही. आपण काहून मधात जायचं?” रागाने नाही म्हणाली, हे तुला सांगायला हवं. एखाद्याची झोप मोडू नये म्हणून आपण दार हळू लावतो, तशी म्हणाली. तुझा लग्नाआधीचा फोन तिला अक्षरशः पाठ आहे. तो आला तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात होतो, फोन स्पीकरवर होता, हे तुला बहुधा माहीत नसेल. मैंने उनको बोल दिया है कि मेरा कोई नहीं है, असं तू वहिनींच्या घरच्यांबद्दल हिंदीत म्हणालास, आणि मग बराच वेळ समजावत राहिलास. आई हो हो म्हणत होती. बाबा उठले आणि मोटर बंद करायला गेले. मोटर चालू नव्हती.

मी त्यावर कधी बोलले नाही आणि आताही फार बोलणार नाही. भोपाळला पहिल्या वर्षी तुला खोली मिळत नव्हती, हे मला आठवतं. फोन करून सांगायचास की सगळं ठरतं, ॲडव्हान्स घ्यायला हात पुढे येतो आणि मग घरमालक विचारतो, पूरा नाम? पाचव्या का सहाव्या घरी तू इंद्रजीत राव म्हणालास आणि किल्ली मिळाली. बाबांच्या गुलाबराव या नावातला राव तेवढा घेतलास, आडनाव सोडलंस. तेव्हा फोनवर आपण दोघंही हसलो होतो. बाबांनाही सांगितलं, तेही हसले, म्हणाले अर्धा तर अर्धा, बाप नेला ना सोबत. नंतर ते नाव ऑफिसात गेलं, मग बँकेत, मग लग्नाच्या पत्रिकेवर. एकदा एका ठिकाणी घेतलं गेलेलं नाव पुढे सगळीकडे तसंच भरावं लागतं, नाहीतर नोंदी जुळत नाहीत. हे मला माझ्या कामामुळे कळतं. मी तुला दोष देत नाही. देत असते तर हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

ताईला मात्र सगळं समजलं. कागदावरचा दोनचा आकडा तिने पाहिला. काल मी तिच्याकडे गेले तेव्हा ती कुशीवर पडली होती, श्रावणी तिच्या पायाशी चित्र रंगवत होती. ताईने तिला पाणी आणायला आत पाठवलं आणि मला म्हणाली, “त्याले नको विचारू, चेतू. कोणाले रक्त देऊन राहिलो म्हणून सांगन तो घरी?” मी म्हटलं, तुझ्या जिवाचा प्रश्न आहे. ती म्हणाली की तिच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणूनच तिला बोलायचा हक्क आहे. तू लहानपणी तिच्या पाठीवर बसून शाळेत गेलास, त्याचं बिल ती आता पाठवणार नाही म्हणे. मग मला शपथ घालायला लागली. श्रावणी पाणी घेऊन आली म्हणून ती अर्धी राहिली. मी पूर्ण शपथ घेतलेली नाही. हे तू लक्षात ठेव, ती मला विचारेल तेव्हा मी हेच सांगणार आहे.

तर मी हे लिहिते आहे ते यासाठी. दादा, तुझं रक्त तपासून घे. तुझ्या लायसन्सवर ओ पॉझिटिव्ह आहे, ते मला आठवतं, आणि तेवढ्यावरून काहीच ठरत नाही, ना हो, ना नाही. सोबतच्या चिठ्ठीवर मॅडमनी तपासणीचं नाव लिहून दिलं आहे, भोपाळच्या कुठल्याही मोठ्या रक्तपेढीत करून मिळेल, कशासाठी ते कुणी विचारणार नाही. साधा ओ निघालास तर हे पत्र फाडून टाक, उत्तरही पाठवू नकोस, मी समजून घेईन. पण तसा निघालास तर अमरकंटक एक्स्प्रेस पकडून ये, लवकर ये, ऑफिसचं काम सांग. भोपाळचे एक राव म्हणून दाते कदाचित येतील एवढंच मी मॅडमना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, पोटभर खाऊन यायला सांग. तात्यापाऱ्यात यायची गरज नाही, भनपुरीलाही नाही. आईला, ताईला कळणार नाही बाटली कुणाची आहे. फॉर्मवर तुझ्या ओळखपत्रावर असेल तेच नाव लिही. खाली एक रकाना येईल, रुग्णाशी नातं. तो सगळ्यांसाठी सक्तीचा आहे, रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही. ताईच्या नोंदीपुरता त्याचा नियम मी काल बदलला. कंपनीत विचारलेलं नाही. आता तो रिकामा ठेवलास तरी चालेल, पुढचं बटण दबेल. भाऊ लिहिलंस तरी दबेल. या दोन्हींखेरीज तिसरं काही तो घेणार नाही.

वाट पाहणारी, अजूनही तुझीच,
चेतना